मराठी ग्रंथसूचीतला शोध मंद का होतो?

ग्रंथालयांची कार्डे, कोशकारांच्या चिठ्ठ्या, नियतकालिकांच्या लेखसूच्या आणि विद्यापीठांतील प्रबंधांच्या याद्या गेल्या दोन-अडीच दशकांत मोठ्या प्रमाणावर संगणकावर आल्या. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनाला परिभाषेत 'विदागार' म्हणत असले, तरी व्यवहारात सगळे 'डेटाबेस' हाच शब्द वापरतात. प्रस्तुत लेखातही तोच वापरला आहे. नोंदी हजारांत असतात तोवर ही व्यवस्था सुरळीत चालते. त्या लाखांत गेल्या की पुस्तकाचे नाव टंकून वाचकाला पडद्याकडे पाहत बसावे लागते. मग 'संगणक जुना झाला' असा निष्कर्ष निघतो, नव्या यंत्रासाठी प्रस्ताव जातो, आणि तो मंजूर होईपर्यंत वाचक सूचीकडे पाठ फिरवून थेट कपाटाकडे वळतो.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाच्या वेळेविषयी आहे. वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे काम आहे, असे ते सांगते. महाराष्ट्राबाहेरील मराठी संग्रहांना तर हे सूत्र अधिकच लागू पडते. पणजी, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील जुन्या संग्रहांत एखाद्या मराठी ग्रंथाची प्रत असली, तर ती बहुधा एकच असते. सूचीत ती वेळेवर सापडली नाही, तर अभ्यासकाच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा.

मंद शोधाचे कारण पुष्कळदा यंत्रात नसते. ते प्रश्न कसा विचारला आणि डेटाबेसने तो कसा सोडवला यात असते. डेटाबेस स्वतःची रीत लेखी सांगतो. ते लिखाण वाचता आले की निदान होते. मराठीच्या बाबतीत त्या निदानाला भाषेची जाणही लागते. म्हणूनच हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही.

'काय' आणि 'कसे'

आज वापरात असलेल्या बहुतेक सूच्या संबंधाधिष्ठित डेटाबेसवर उभ्या आहेत. या पद्धतीचा सैद्धांतिक पाया आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली घातला. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्त्यांमधील नाते समान मूल्यांवरून जुळवायचे, हे तिचे सार. ग्रंथांचा एक तक्ता, सभासदांचा दुसरा, देवघेवीचा तिसरा. देवघेवीच्या प्रत्येक नोंदीत ग्रंथाचा दाखल क्रमांक आणि सभासदाचा क्रमांक असतो. त्यावरून कोणी कोणते पुस्तक नेले ते कळते.

या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल, आणि त्या भाषेतला प्रत्येक प्रश्न म्हणजे क्वेरी. या भाषेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात आपण काय हवे ते सांगतो. ते कसे मिळवावे हे सांगत नाही. 'या लेखकाची १९६० नंतरची पुस्तके द्या' एवढेच आपण म्हणतो. तक्ता पहिल्या ओळीपासून वाचायचा, लेखकाच्या सूचीतून जायचे की प्रकाशनवर्षाच्या, हे डेटाबेसमधला 'प्लॅनर' हा भाग ठरवतो. तो प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजाने काढतो आणि सर्वांत स्वस्त वाट निवडतो. खर्चाच्या हिशेबावर वाट निवडण्याची ही रीत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली आयबीएमच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पासंबंधीच्या निबंधात मांडली. आजचे प्रमुख संबंधाधिष्ठित डेटाबेस त्याच मार्गाने चालतात.

त्यामुळे शोध मंद झाला, तर तीन शक्यता आधी पाहाव्या लागतात. प्लॅनरला चांगली वाट उपलब्धच नसेल. वाट असूनही प्रश्नाच्या रचनेमुळे ती बंद झाली असेल. किंवा वाट खुली असून त्याचा अंदाज चुकला असेल.

आधी कोणता प्रश्न मंद आहे ते ठरवावे

पुढील विवेचनासाठी एक कल्पित ग्रंथालय घेऊ. त्यात २ लाख ग्रंथ, ८ हजार सभासद आणि २० वर्षांतील देवघेवीच्या ३० लाख नोंदी आहेत. आकडे सोयीसाठी घेतले असले, तरी त्यांवरचा हिशेब प्रत्यक्ष डेटाबेसला लागू पडणारा आहे.

'सगळेच हळू चालते' ही तक्रार निदानासाठी निरुपयोगी असते. कोणता प्रश्न किती वेळ घेतो, याची नोंदवही डेटाबेस ठेवू शकतो. मात्र ती आपण सुरू करावी लागते. मायएसक्यूएलमध्ये मंद क्वेरींची नोंदवही मुळात बंद असते, आणि सुरू केल्यावरही 'मंद' ठरण्याची मर्यादा १० सेकंद धरलेली असते. वाचकाच्या दृष्टीने १० सेकंद फार झाले. ही मर्यादा एका सेकंदावर आणणे उचित. पोस्टग्रेसमध्येही वेळेच्या मर्यादेनुसार क्वेरी नोंदवण्याची सोय मुळात बंद असते आणि ती मिलिसेकंदांत ठरवून सुरू करता येते. एकाच साच्याची क्वेरी किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ घेतला, याची गोळाबेरीज करणारी जोडणीही पोस्टग्रेसमध्ये उपलब्ध आहे.

ही गोळाबेरीज महत्त्वाची आहे. महिन्यातून एकदा निघणारा अहवाल ४० सेकंद घेतो, म्हणून त्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. पण शीर्षकावरून होणारा शोध ०.८ सेकंदाचा असून दिवसातून १,५०० वेळा होत असेल, तर तो रोज १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे खातो; महिन्याला १० तास. दुरुस्तीची सुरुवात शीर्षकाच्या शोधापासून करावी. अहवाल रात्री काढला तरी चालतो.

डेटाबेसची जबानी

मंद क्वेरी सापडली की तिच्यापुढे 'एक्सप्लेन' हा शब्द लिहून ती पुन्हा द्यावी. डेटाबेस मग उत्तर न देता आपली योजना सांगतो: कोणता तक्ता कसा वाचणार, कोणत्या क्रमाने जोडणार, प्रत्येक पायरीवर किती ओळी येतील आणि खर्च किती होईल. 'एक्सप्लेन ॲनलाइझ' असे लिहिले, तर पोस्टग्रेस ती क्वेरी खरोखर चालवतो आणि अंदाजाशेजारी प्रत्यक्षाचे आकडे छापतो. येथे सावधगिरी हवी. क्वेरी नोंदी खोडणारी किंवा बदलणारी असेल, तर त्या खरोखरच खोडल्या वा बदलल्या जातात. अशा वेळी व्यवहार आधी उघडून, चाचणीनंतर तो रद्द करावा.

हे लिखाण वाचण्याच्या काही खुणा आहेत. योजना पायऱ्यांनी आत सरकत जाते. सर्वांत आतली पायरी आधी घडते, म्हणून वाचन आतून बाहेर करावे. खर्चाचा आकडा सेकंदांत नसतो, तो वाटांची तुलना करण्यापुरता असतो. एखादी पायरी अनेक फेऱ्यांत चालली असेल, तर तिच्यापुढे छापलेला वेळ एका फेरीचा असतो. ०.२ मिलिसेकंद पाहून आपण पुढे जातो. पण फेऱ्या १०,००० असतील, तर ते २ सेकंद होतात. सर्वांत बोलकी खूण अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील अंतराची. प्लॅनरला ५०० ओळी अपेक्षित होत्या आणि आल्या १०,०००, असे दिसले, तर पुढचे सगळे निर्णय चुकीच्या गृहीतावर उभे आहेत. त्यामुळे जिथे अंतर पहिल्यांदा पडले, तिथेच थांबून कारण शोधावे.

कार्डांचा कप्पा आणि इंडेक्स

इंडेक्स म्हणजे काय, हे जुन्या ग्रंथालयांत वावरलेल्यांना चटकन कळते. १९१० साली सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावून ग्रंथालयांची आधुनिक व्यवस्था उभी करवली. अशा व्यवस्थेत कार्डसूचीला मोठे स्थान असते. ग्रंथ कपाटात एकाच क्रमाने उभे असतात. पण लेखकनामाची कार्डे वेगळ्या कप्प्यात, शीर्षकांची वेगळ्या, विषयांची आणखी वेगळ्या कप्प्यात. प्रत्येक कप्पा म्हणजे एक इंडेक्स.

डेटाबेसमधील नेहमीच्या इंडेक्सची रचना 'बी-ट्री' नावाने ओळखली जाते. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंगच्या संशोधन विभागात काम करताना ती शोधली आणि १९७२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तिचे सामर्थ्य साध्या गुणाकारात आहे. पोस्टग्रेस माहिती ८ किलोबाइटच्या पानांत साठवतो. इंडेक्सच्या एका पानावर २०० नोंदी मावतात असे धरू. वरचे एक पान २०० पानांकडे बोट दाखवते, त्यांतील प्रत्येक पान आणखी २०० पानांकडे. तीन पातळ्यांत २०० गुणिले २०० गुणिले २००, म्हणजे ८० लाख नोंदी बसतात. आपल्या ३० लाखांसाठी तीन पाने उलटली की हव्या त्या जागी पोहोचता येते.

इंडेक्स नसेल तर काय होते? देवघेवीच्या सुमारे ७५ नोंदी एका पानावर मावत असतील, तर ३० लाख नोंदींना ४०,००० पाने लागतात. एका सभासदाच्या सरासरी ३७५ नोंदी काढायलाही ही सर्व पाने वाचावी लागतात. इंडेक्स असल्यास तीन-चार पाने इंडेक्सची आणि फार तर पावणेचारशे पाने तक्त्याची.

मात्र इंडेक्स असूनही तो वापरता न येण्याचे प्रसंग नेहमी येतात. २०२४ सालची देवघेव हवी असताना क्वेरीत 'तारखेतून वर्ष काढा आणि ते २०२४ शी ताडून पाहा' असे लिहिलेले असते. इंडेक्स तारखांचा आहे, वर्षांचा नाही; म्हणून प्रत्येक ओळीतून वर्ष काढून पाहण्यासाठी सगळा तक्ता वाचला जातो. शिवाय वर्ष काढल्यानंतरच्या मूल्यांची आकडेवारी पोस्टग्रेसकडे नसते. तो ठरावीक अर्धा टक्का धरतो आणि ३० लाखांपैकी १५,००० ओळींचा अंदाज बांधतो. २० वर्षांत नोंदी समान वाटल्या असतील, तर प्रत्यक्षात येतील १,५०,०००. तोच प्रश्न '१ जानेवारी २०२४ पासून, १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंत' असा लिहिला, की तारखेचा इंडेक्स वापरता येतो, अंदाज सुधारतो, आणि देवघेव तारखेच्या क्रमाने नोंदली गेलेली असल्याने लगतची सुमारे २,००० पाने वाचून काम भागते. मागणी तीच राहते, फक्त तिची मांडणी बदलते.

दोन रकान्यांचा जोडइंडेक्स करताना क्रम पाहावा लागतो. सभासद आधी आणि तारीख नंतर अशा क्रमाने केलेला इंडेक्स 'या सभासदाची यंदाची देवघेव' चटकन देतो. 'यंदाची सगळी देवघेव' या प्रश्नाला तो फारसा उपयोगी नसतो. शब्दकोशात पहिले अक्षर माहीत नसताना दुसऱ्या अक्षरावरून शब्द शोधण्यासारखेच ते आहे.

म्हणून प्रत्येक रकान्यावर इंडेक्स ठेवावा, असे मात्र नाही. नवे पुस्तक आले की प्रत्येक कप्प्यात एक कार्ड घालावे लागे. तसेच नव्या नोंदीबरोबर बहुतेक सर्व इंडेक्स बदलावे लागतात. कधीच न वापरले जाणारे इंडेक्स हा नुसता भार असतो. तक्ता लहान असेल किंवा त्यातील बहुतांश ओळी हव्या असतील, तर इंडेक्स टाळून सलग वाचणेच स्वस्त पडते. तेव्हा योजनेत सलग वाचन दिसले, म्हणजे दोष सापडला, असे समजू नये.

अंदाज का चुकतो

प्लॅनर प्रत्येक रकान्याची नमुनेवार आकडेवारी बाळगतो. पोस्टग्रेसमध्ये तक्त्याच्या सुमारे १० टक्के नोंदी बदलल्या की ती आपोआप ताजी केली जाते. पण एखाद्या जुन्या संग्रहाच्या पन्नास हजार नोंदी एका झटक्यात भरून लगेच शोध सुरू केला, तर प्लॅनर जुन्याच चित्रावर निर्णय घेत राहतो. मोठी भर घातल्यानंतर 'ॲनलाइझ' ही आज्ञा हाताने द्यावी. ती काही क्षणांचे काम असते, आणि अनेकदा तेवढ्यानेच तक्रार मिटते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. दोन अटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, असे प्लॅनर गृहीत धरतो. वडोदऱ्यातील एखाद्या संग्रहाच्या धर्तीवर समजा, की २ लाख ग्रंथांपैकी ५ टक्के गुजराती भाषेतील आहेत आणि ५ टक्के गुजराती लिपीतील. 'भाषा गुजराती आणि लिपीही गुजराती' असे विचारल्यावर प्लॅनर दोन्ही प्रमाणांचा गुणाकार करतो: ०.२५ टक्के, म्हणजे ५०० ग्रंथ. वास्तविक ते जवळजवळ सगळे तेच ग्रंथ असतात. उत्तर १०,००० च्या आसपास असते. अंदाज वीसपटीने खाली आला. थोड्या ओळी समजून प्लॅनर प्रत्येक ग्रंथासाठी देवघेवीच्या तक्त्यात स्वतंत्र फेरी मारण्याची पद्धत निवडतो. ५०० फेऱ्यांना ती योग्य होती. १०,००० फेऱ्या असतील, तर ग्रंथांचे कप्पे एकदाच तयार करून देवघेव त्यांत वाटत जाणे स्वस्त पडू शकते. भाषा आणि लिपी यांचे नाते आपल्याला ठाऊक असते, डेटाबेसला ते सांगावे लागते. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, दोन रकान्यांची एकत्रित आकडेवारी ठेवण्याची सोय आहे.

मराठी शोधाचे वेगळे प्रश्न

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेतील सूचीला लागू पडते. मराठीचे प्रश्न यापुढे सुरू होतात.

पहिला प्रश्न शब्दाच्या तुकड्यावरून शोधण्याचा. वाचक 'ज्ञानेश्वरी' टंकतो आणि त्याला 'सार्थ ज्ञानेश्वरी'ही हवी असते. म्हणून क्वेरीत 'शीर्षकात कुठेही' अशी अट असते. शब्दाची सुरुवात माहीत नसल्याने बी-ट्री निरुपयोगी ठरते आणि २ लाख शीर्षके एकेक तपासली जातात. पोस्टग्रेसमध्ये यावर 'ट्रायग्रॅम' इंडेक्सचा उपाय आहे. तो मजकुराचे तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून त्यांची सूची ठेवतो. मराठीत हे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात आपण चार अक्षरे मोजतो. संगणकाला मात्र हलन्त, काना, मात्रा, वेलांटी धरून अकरा चिन्हे दिसतात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइटप्रमाणे तो शब्द ३३ बाइटचा होतो. 'घर' या शब्दात दोनच चिन्हे आहेत. शीर्षकात कुठेही 'घर' शोधताना तीन चिन्हांचा तुकडाच तयार होत नाही, त्यामुळे हा इंडेक्स तिथे मदत करत नाही. मात्रा, अनुस्वार ही चिन्हे आपल्या यंत्रणेत शब्दाचा भाग मानली जातात की तिथे शब्द तोडला जातो, हेही इंडेक्स करण्यापूर्वी दोन-चार शब्दांवर तपासून घ्यावे.

दुसरा प्रश्न एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या संकेतांचा. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि मग 'या' असतो. दुसरीत साधा 'र', हलन्त, शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि मग 'या'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेसच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. शिवाय स्वतंत्र 'ऱ' आणि 'र' अधिक नुक्ता असाही आणखी एक भेद आहे. युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरलेली पद्धत हा शेवटचा भेद मिटवते. जोडचिन्हाचा भेद ती मिटवत नाही.

हा भेद मिटवण्यासाठी कार्यक्रम लिहिणारे सहसा शोधाच्या वेळी प्रत्येक शीर्षकावर 'शुद्धीकरणा'ची क्रिया चालवतात. तारखेतून वर्ष काढण्यासारखाच हा प्रकार आहे. इंडेक्स मूळ शीर्षकांचा, शोध शुद्ध केलेल्या शीर्षकांत. परिणामी प्रत्येक शोधाला २ लाख शुद्धीकरणे. उपाय असा, की शुद्ध रूप नोंद भरतानाच वेगळ्या रकान्यात साठवावे आणि त्या रकान्यावर इंडेक्स करावा. वाचकाने टंकलेला शब्द तेवढा शोधाच्या वेळी शुद्ध करावा.

पण शुद्धीकरणाचा नियम कोणता? तंत्रज्ञाला सोपा वाटणारा नियम म्हणजे, न दिसणारे जोडचिन्ह सरसकट काढून टाकणे. तसे केले की दुसऱ्या रीतीने टंकलेल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातून आपण समुद्रात उतरतो. 'आचाऱ्यांना' टंकलेले 'आचार्यांना' होते, आणि स्वयंपाकघरातला माणूस विद्यापीठात जाऊन बसतो. हा शोध वेगाने चालेल, योजना निर्दोष दिसेल, पण उत्तर चुकीचे असेल. योग्य नियम असा: हलन्त 'र'पुढे जोडचिन्ह असेल, तर त्या जोडीचे 'ऱ' आणि हलन्त असे रूपांतर करावे, आणि उरलेल्या ठिकाणची जोडचिन्हे मगच काढावीत. हा नियम सांगण्यासाठी संगणकशास्त्राच्या पदवीची गरज नाही. रफार आणि अर्धा र यांतला फरक माहीत असावा लागतो.

तिसरा प्रश्न अकारविल्हे लावण्याचा. शोधाचे उत्तर वर्णक्रमाने हवे असते. चिन्हांच्या संकेतांकानुसार क्रम लावणे सर्वांत जलद. पण त्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो, 'क्ष' हा 'क'च्या घरात आणि 'ज्ञ' हा 'ज'च्या घरात जातो. मराठी वर्णमालेच्या रूढ क्रमात 'ह'नंतर 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' येतात. भाषेचे नियम पाळून क्रम लावणे हे त्या मानाने महाग काम आहे. पोस्टग्रेसमध्ये एका क्रमवारीसाठी मुळात ४ मेगाबाइट स्मृती ठरवलेली असते. तेवढ्यात काम बसले नाही, तर मजकूर डिस्कवर लिहून क्रम लावला जातो, आणि योजनेत तशी स्पष्ट नोंद येते. अशा वेळी गतीसाठी संकेतांकांचा क्रम स्वीकारणे हा उपाय नव्हे. मराठी क्रमाचे नियम लावून शीर्षकांचा इंडेक्स करावा. इंडेक्स मुळातच क्रमवार असल्याने पहिली वीस शीर्षके द्यायला पुन्हा क्रम लावावा लागत नाही. मात्र असा इंडेक्स शब्दाच्या सुरुवातीवरून होणाऱ्या शोधाला पोस्टग्रेसमध्ये कामी येत नाही; त्या शोधासाठी वेगळ्या प्रकारचा इंडेक्स सांगावा लागतो.

योजनेत न दिसणारी कारणे

कधी एकही क्वेरी मंद नसते आणि पान मात्र मंद उघडते. पडद्यावर ५० पुस्तके दाखवायची असतात. कार्यक्रम आधी पुस्तकांची यादी मागवतो आणि मग प्रत्येक पुस्तकासाठी लेखकाचे नाव वेगळे मागवतो. एकूण ५१ क्वेरी होतात. प्रत्येक क्वेरी क्षणार्धात संपत असल्याने मंद क्वेरींच्या नोंदवहीत त्यांचा मागमूस नसतो. एकूण वेळेची गोळाबेरीज पाहिली, की एकाच साच्याची क्वेरी हजारो वेळा चाललेली दिसते. दोन्ही तक्ते जोडून एकच क्वेरी लिहिणे, हा त्यावरचा इलाज.

कधी क्वेरी काम करत नसते, रांगेत उभी असते. दुपारी कोणी एकाच व्यवहारात हजारो नोंदी बदलायला घेतल्या, तर त्याच नोंदी बदलू पाहणारा देवघेवीचा खिडकीवरचा कर्मचारी थांबून राहतो. तीच क्वेरी सकाळी क्षणात आणि दुपारी मिनिटाने संपत असेल, तर योजना तपासण्याआधी ती कोणासाठी थांबली आहे ते पाहावे.

सुधारणेची शिस्त

एका वेळी एकच बदल करावा. एका दिवसात तीन इंडेक्स आणि दोन मर्यादा बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही. प्रत्येक मोजणी तीन-चार वेळा करावी. पहिल्या वेळी पाने डिस्कवरून येतात, नंतर ती स्मृतीतच असतात, आणि केवळ त्यामुळे दुसरी फेरी वेगवान दिसते. चाचणी खऱ्या आकाराच्या माहितीवर करावी, कारण हजार नोंदींवर प्लॅनर जी वाट निवडतो तीच तो लाखांवर निवडेल असे नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बदलापूर्वीचे आणि बदलानंतरचे उत्तर ओळीनिशी ताडून पाहावे. मराठी शोधासाठी पन्नासेक शब्दांची एक कसोटीयादी करून ठेवावी. तिच्यात 'दऱ्या' आणि 'दर्या', 'ळ'युक्त शब्द, 'क्ष' आणि 'ज्ञ'ने सुरू होणारी शीर्षके, अनुस्वार असलेली नावे यांचा समावेश असावा. प्रत्येक बदलानंतर ही यादी पुन्हा चालवावी. एवढे करूनही स्मृती अपुरी किंवा डिस्क संथ असल्याचे आकड्यांवरून दिसले, तर नव्या यंत्राचा प्रस्ताव जरूर पाठवावा.

ई-ग्रंथालयसारखी शासकीय प्रणाली असो, कोहासारखी मुक्त प्रणाली असो, की एखाद्या पुरवठादाराने बांधून दिलेली सूची असो, संस्थेने करारातच काही गोष्टी मागून घ्याव्यात: डेटाबेसची पूर्ण प्रत, मंद क्वेरींच्या नोंदी पाहण्याचा अधिकार, आणि तक्रारीच्या उत्तरादाखल 'एक्सप्लेन'चा लेखी निकाल. 'यंत्र बदला' असे सांगणाऱ्याकडे आधी हा निकाल मागावा.

भाषेच्या अध्यापकांचे काम याच्याही आधी सुरू होते. कसोटीयादी कोणी करायची, शुद्धीकरणाचा नियम कोणी ठरवायचा, वर्णक्रम कोणता धरायचा, ही कामे तंत्रज्ञावर सोडली तर तो आपल्या समजुतीप्रमाणे ती उरकतो, आणि त्याची समजूत पुढची वीस वर्षे सूचीत राहते. आपापल्या गावच्या ग्रंथालयात जाऊन तिथल्या सूचीत 'दऱ्या' हा शब्द दोन्ही रीतींनी टंकून पाहावा. उत्तरे वेगळी आली, तर कामाला कुठून सुरुवात करायची ते कळेल.